मुंबई ते लंडन: विमानाचं अंतर आणि वेळ घरबसल्या कशी काढायची

तिकिटावर 'मुंबई दुपारी १:३०, लंडन संध्याकाळी ६:३०' असं छापलेलं असतं आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, "पाचच तास?" खरा हिशोब असा करा.

१. विमानतळ नक्की करा. नुसतं शहराचं नाव पुरत नाही. गोव्यात दाबोळी वेगळं, मोपा वेगळं. लंडनला हीथ्रो, गॅटविक आणि आणखीही आहेत. तिकिटावरचा तीन अक्षरी कोड बघा. आपण मुंबई (बीओएम) ते हीथ्रो (एलएचआर) घेऊ.

२. अंतर मोजा. संगणकावर गूगल मॅप्स उघडून मुंबई विमानतळावर राइट क्लिक करा, 'अंतर मोजा' निवडा आणि हीथ्रोवर क्लिक करा. आकडा येईल सुमारे ७,२०० किलोमीटर. रेषा वाकडी दिसली तर घाबरू नका. पृथ्वी गोल, नकाशा सपाट, त्यामुळे सर्वांत जवळचा मार्ग नकाशावर कमानीसारखा दिसतो. मुलं जवळ असतील तर पृथ्वीगोल काढा आणि दोरा ताणून दाखवा. ३० सेंटीमीटर व्यासाच्या गोलावर १ सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर; दोरा १७ सेंटीमीटरच्या आसपास भरेल.

३. विमान खरंच त्या रेषेवरून जातं का, ते बघा. बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि मला तरी सगळ्यात जास्त रस हिच्यातच वाटतो. मुंबई–हीथ्रोची ही रेषा पाकिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राची दक्षिण बाजू, काळा समुद्र आणि युक्रेन अशी जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्तानने एप्रिल २०२५मध्ये आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली. मग वळसा आलाच. त्याच मार्गाचं कालचं विमान फ्लाइटरडार या विमानांची वाट दाखवणाऱ्या संकेतस्थळावर शोधा, प्रत्यक्ष वाट दिसेल. ७,२०० हा कमीत कमी आकडा समजा.

४. वेळ काढा. मोठी जेट विमानं ताशी ८५० ते ९०० किलोमीटरने जातात. अंतराला ८५०ने भागा आणि धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी ४० मिनिटं मिळवा. मुंबई–नागपूर सुमारे ६८० किलोमीटर: ४८ मिनिटं अधिक ४०, म्हणजे जवळपास दीड तास. लंडनसाठी उत्तर येतं सव्वानऊ तासांच्या आत-बाहेर. जाताना यापेक्षा जास्तच धरा, कारण वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीमचे जोरदार वारे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीवर असतात. लहान शहरांकडे जाणारं पंख्याचं छोटं एटीआर विमान असेल तर भागायला ८५० नव्हे, ५०० घ्या.

५. घड्याळ जुळवा. तिकिटावरच्या वेळा त्या-त्या गावच्या असतात. लंडन आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. तिथली घड्याळं मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. पश्चिमेकडे जाताना हा फरक मिळवा: वरचे पाच तास हिवाळ्यात साडेदहा होतात, उन्हाळ्यात साडेनऊ. परतताना वजा करा. हिवाळ्यात रात्री ९ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११:३०ला मुंबई, म्हणजे घड्याळाचे साडेचौदा, पण विमानातले नऊच तास. वेळेशेजारी '+१' असेल तर तो पुढचा दिवस. न्यायला येणाऱ्यांना तीच तारीख कळवा.