ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये आपला बदल मान्य कसा करून घ्यायचा

आधी कोड लिहायला बसू नका. मी एकदा दोन आठवडे खपून पॅच (म्हणजे कोडमधला बदल) केला आणि मग कळलं की ही गोष्ट नकोच असं तिथे आधीच ठरलंय, सगळी चर्चा एका बंद झालेल्या जुन्या इश्यूत (बग किंवा सूचनेसाठी प्रोजेक्टमध्ये उघडलेल्या नोंदीत) होती आणि मी ती वाचलीच नव्हती. म्हणून बंद इश्यू आधी वाचा.

मग शेवटचा शब्द कोणाचा ते शोधा. रेपोत (प्रोजेक्टचा कोड ठेवतात तिथे) अनेकदा गव्हर्नन्स किंवा मेंटेनर्स (कोड सांभाळणारे) नावाची फाइल असते. लिनक्स कर्नलमध्ये (लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) प्रत्येक भागाचे मेंटेनर वेगळे, पॅच थेट लिनक्स सुरू करणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सकडे पाठवायचा नसतो, गेट मेंटेनर नावाची स्क्रिप्ट चालवली की नावं मिळतात. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत पूर्वी ती बनवणाऱ्या गुइडो व्हान रॉसम यांचा शब्द अंतिम असायचा, पण वॉलरस ऑपरेटरवरून (:= या नव्या चिन्हावरून) इतका वाद झाला की २०१८ मध्ये ते बाजूला झाले, आणि २०१९ पासून कोअर डेव्हलपर्सनी निवडून दिलेली ५ जणांची काउन्सिल आहे.

अपाचे फाउंडेशनच्या प्रोजेक्टमधली पद्धत मला सगळ्यात आवडते. +१ (होकार), ० (तटस्थ), -१ (नकार) अशी मतं. कोडवर -१ म्हणजे व्हेटो, पण तांत्रिक कारण द्यावंच लागतं, नुसतं 'नको' चालत नाही. रिलीजला (नवी आवृत्ती काढायला) मात्र व्हेटो नाही, तिथे निदान ३ +१ लागतात आणि -१ पेक्षा +१ जास्त हवेत. छोट्या गोष्टींत तर कोणी हरकत घेतली नाही की मान्य, असंच धरतात.

पण नवीन माणसाने इथे फसू नये. कमिटरच्या (कोडमध्ये थेट बदल करायचा हक्क असलेल्याच्या) प्रस्तावावर शांतता म्हणजे होकार, तुमच्या प्रस्तावावर शांतता म्हणजे बहुतेक कोणी वाचलाच नाही! आठवडाभर थांबा आणि 'काही अपडेट?' असं न विचारता नेमकं विचारा, म्हणजे 'मोठं फोल्डर उघडलं की प्रोग्राम अडकतो, यादी तुकड्यातुकड्याने लोड करू की बॅकग्राउंडला, तुम्हाला कुठलं चालेल?' दोन पर्याय समोर असले की उत्तर द्यायला सोपं जातं.

प्रस्तावाखाली शंभर लाइक आले म्हणून काही ठरत नाही, कारण तो कोड पुढे वर्षानुवर्षं सांभाळायचा असतो मेंटेनरला. त्यामुळे टेस्ट मी लिहितो, बग आले तर मी बघतो, हे आधीच सांगा आणि खरंच करा.

नकार आलाच तर काय बदललं तर चालेल ते विचारा, प्लगइन (बाहेरून जोडायचा वेगळा तुकडा) करून भागतंय का बघा, फोर्क (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रोजेक्ट चालवणं) अगदी शेवटी. आणि नकाराचं कारण इश्यूतच लिहून ठेवायची विनंती करा, पुढे कोणी तेच घेऊन आलं तर त्याचे दोन आठवडे वाचतील.