प्रीक्वेल तपासा, फेरफार तपासतो तसे

कणकवलीत तहसील कचेरीसमोर बसून मी वारस नोंदीचे अर्ज लिहितो. एका सातबाऱ्यावर तीस-चाळीस नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईला, आणि कोण कुणाच्या आधी वारलं यावर सगळं अडलेलं. सुट्टीत भाचा आला की हीच तपासणी आम्ही एक्स-मेनच्या, म्हणजे अचाट शक्ती असलेल्या माणसांच्या, चित्रपटांची करतो, तितक्याच मनापासून. त्यातले काही प्रीक्वेल आहेत, म्हणजे मागाहून येऊन आधीची कथा सांगणारे.

गेल्या मे महिन्यात आम्ही ते कथेतल्या सालाप्रमाणे लावले. आधी २०११ चा ‘फर्स्ट क्लास’, ज्याची कथा १९६२ ची. क्युबाच्या किनाऱ्यावर एक्स-मेनचा गुरू चार्ल्स झेविअर याच्या पाठीत गोळी घुसते आणि त्याचे पाय जातात. मग २००९ चा ‘ऑरिजिन्स: वुल्व्हरिन’. त्याच्या शेवटी हेलिकॉप्टरपाशी तोच चार्ल्स उभा! आई हाताला तेल लावून फणसाचे गरे काढत होती. मान वर करून म्हणाली, “अरे, ह्येचे पाय गेलेले मा? मगे उभो कसो?”

तुम्हालाही हे करायचं असेल तर वही आडवी धरा आणि चार रकाने पाडा: कथेतलं साल, चित्रपट आला ते साल, काय घडलं, आणि पुरावा. पुराव्यात एवढंच लिहायचं, की ते पडद्यावर दिसलं की कुणी नुसतं सांगितलं. २००० च्या पहिल्या चित्रपटात चार्ल्स त्याच्या जुन्या मित्राबद्दल, एरिकबद्दल, सांगतो, तो भेटला तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. ‘फर्स्ट क्लास’मध्ये मात्र दोघे भेटतात १९६२ साली, चार्ल्सचं ऑक्सफर्डचं शिक्षण उरकल्यावर. तोंडी आणि डोळ्यांदेखतचं भिडलं की मी डोळ्यांदेखतचं धरतो. माणूस आठवणीत चुकतो, हे मी रोज बघतो.

साल दिलेलं नसेल तर खऱ्या घटनेचा आधार घ्या. ‘ऑरिजिन्स’चा शेवट थ्री माइल आयलंडच्या अणुभट्टीवर होतो, आणि तिथला खरा अपघात १९७९ चा. म्हणजे गोळी लागून सतरा वर्षं झाली होती.

भाच्याने लगेच बाजू मांडली: २०१४ च्या ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’मध्ये, १९७३ साली, चार्ल्स औषध टोचून घेऊन चालतो की! खरं आहे. पण त्या औषधाने त्याची मन वाचण्याची शक्ती जाते. ‘ऑरिजिन्स’मध्ये तर तो डोळे बांधलेल्या स्कॉट नावाच्या मुलाला मनातल्या मनात वाट दाखवतो. पाय आणि शक्ती दोन्ही एकाच वेळी शाबूत, त्यामुळे औषधाचा खुलासा टिकत नाही.

मग दुसरी पळवाट, ‘त्याच ‘डेज ऑफ फ्यूचर पास्ट’मध्ये काळच बदलला ना!’ इथे बरेच जण फसतात, म्हणून नीट बघा. फेरफार मंजूर झाला की पुढचा उतारा बदलतो, आधीच्या पिढीची नोंद नाही. लोगनचं, म्हणजे वुल्व्हरिनचं, मन भविष्यातून १९७३ मध्ये जातं, म्हणून बदलतं ते १९७३ नंतरचं. १९६२ ची गोळी जुन्या काळातही होती आणि नव्यातही आहे. २००६ च्या ‘द लास्ट स्टँड’च्या सुरुवातीला, वीस वर्षांपूर्वीच्या प्रसंगात, चार्ल्स एरिकबरोबर जीन नावाच्या मुलीच्या घरी चालत जातो, तेही याच कारणाने सुटत नाही. वहीत १९७३ वर एक जाड आडवी रेघ मारा आणि प्रत्येक शंका रेघेच्या वरची की खालची, ते आधी ठरवा.

वयाचं मी सोडून देतो. १९४४ साली नाझी छावणीत असलेला मुलगा, एरिक, १९९२ च्या ‘डार्क फिनिक्स’मध्ये साठीच्या घरात हवा, तसा तो दिसत नाही, पण नट तोच ठेवायचा असतो, ते मला पटतं. एमाचं मात्र पेन्सिलीने लिहा. १९६२ ला, म्हणजे ‘फर्स्ट क्लास’मध्ये, ती हिऱ्यासारखी कातडी होणारी जाणती बाई, आणि ‘ऑरिजिन्स’मध्ये तशीच हिऱ्याची कातडी असलेली एमा नावाची तरुण मुलगी. एकाच वाडीत एकाच नावाचे दोन चुलते असतातच, तेव्हा नामसाधर्म्याची शक्यता मोकळी ठेवावी.

हे चित्रपट पहिल्यांदा बघत असाल तर ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने बघा, वही दुसऱ्या खेपेला काढा. आमच्या वहीत आईच्या प्रश्नासमोर मी लाल पेनाने लिहून ठेवलंय: हरकत मान्य.