आपल्या गावच्या नगराध्यक्षांचा इतिहास कसा लिहायचा

बऱ्याच नगरपरिषदांच्या सभागृहात किंवा अध्यक्षांच्या दालनात नामावलीचा फलक असतो, नाव आणि कार्यकाळ, वरपासून खालपर्यंत. गावाचा इतिहास लिहायला घेणारा माणूस पहिला त्याचाच फोटो काढतो आणि बरोबरच आहे, सुरुवात तिथूनच करा. पण फलकावर एक गोष्ट नसते, ती म्हणजे तो माणूस त्या खुर्चीवर आला कसा. सरकारने नेमला, नगरसेवकांनी निवडला, का लोकांनी थेट मत देऊन बसवला? माझ्या मते सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे, म्हणून वहीत किंवा एक्सेलमध्ये सहा रकाने करा: नाव, कधीपासून, कधीपर्यंत, कसा आला, तेव्हा कायदा कुठला होता, आणि ही माहिती कुठून मिळाली. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो पण तो रिकामा ठेवू नका, दोन वर्षांनी कोणी विचारलं तर तुमच्याकडे उत्तर पाहिजे.

आता "कसा आला" हे भरायचं तर आपलं गाव तेव्हा कोणाच्या राज्यात होतं ते आधी बघा, कारण महाराष्ट्र १९६० ला झाला आणि त्याआधी प्रत्येक भागाचं वेगळं होतं. जुन्या मुंबई इलाख्यातलं गाव असेल, म्हणजे कोकण, खानदेश, पुणे, नाशिक, नगर, सातारा, सोलापूर हा पट्टा, तर १८५० चा २६ वा कायदा हा पहिला धागा, त्यात गावच्या लोकांनी अर्ज केला की पालिका स्थापन करता यायची. मग १८७३ चा जिल्हा म्युनिसिपल कायदा, मग व्हाइसरॉय लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा १८८२ चा ठराव आणि त्यावरून १८८४ ची दुरुस्ती, ज्यात निवडून द्यायच्या जागा वाढल्या, मग १९०१ चा कायदा, आणि मोठ्या गावांसाठी १९२५ चा बरो कायदा. विदर्भातलं गाव असेल तर मध्य प्रांत आणि वऱ्हाडचा १९२२ चा कायदा बघायचा. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे, तिथले जुने कागद उर्दूत असणार ही तयारी ठेवा. आणि सांगली, मिरज, फलटण, औंध, सावंतवाडी असं संस्थानी गाव असेल तर विलीनीकरणाआधी पालिकेचा कारभार राजेसाहेबांच्या हुकुमाने चालायचा, त्याचे कागद संस्थानाच्या दप्तरात शोधायचे, इंग्रजांच्या नाही. हे सगळे वेगळे प्रवाह १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषदा कायद्यात एकत्र आले, तो १९६७ पासून लागू झाला, आणि इथून पुढे काम बरंच सोपं होतं.

सुरुवातीच्या काळात एक गोष्ट नक्की दिसेल, अध्यक्ष म्हणून कलेक्टर, प्रांत असे सरकारी अधिकारी. फलकावर ते कधीकधी नसतातच, यादी थेट पहिल्या बिनसरकारी अध्यक्षापासून सुरू होते आणि मग गाव समजतं की पालिका तेव्हाच सुरू झाली. दोन्ही तारखा वेगळ्या लिहा. मतदारही तेव्हा मूठभर असायचे, घरपट्टी किंवा मालमत्तेची अट असायची, त्यामुळे १९१० सालचा "निवडून आलेला" आणि आजचा "निवडून आलेला" हे एकाच शब्दात बसवू नका. किती लोकांना मताचा हक्क होता हे सापडलं तर शेजारीच टिपून ठेवा.

कागद कुठे मिळतात ते सांगतो. पहिलं म्हणजे गॅझेटिअर, जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ. मुंबई इलाख्याचे जुने जिल्हा गॅझेटिअर बहुतेक १८८० च्या दशकातले आहेत, त्यात शेवटी गावांची वर्णनं असतात आणि पालिका असेल तर कधी स्थापन झाली, उत्पन्न किती, खर्च कशावर, हे दोन चार ओळीत दिलेलं असतं. राज्याच्या दर्शनिका (म्हणजे गॅझेटिअर) विभागाने नंतर काढलेले खंडही बघा, दोन्ही नेटवर सापडतात. दुसरं म्हणजे पुराभिलेख संचालनालय, मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, आणि पुणे, कोल्हापूर, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे पण कार्यालयं आहेत. जायच्या आधी फोन करून आपल्याला नेमकं काय हवंय ते सांगा, नाहीतर सूची चाळण्यातच दिवस जातो. जुनी पानं मोडीत असू शकतात, मोडी वाचणारं माणूस आधीच शोधून ठेवा. तिसरं, गावचं नगरवाचनालय, तिथे पालिकेच्या शताब्दीची स्मरणिका हमखास विचारा, स्थानिक साप्ताहिकांचे जुने अंकही तिथेच असतात.

पण खरं सोनं पालिकेतच असतं, ते म्हणजे प्रोसिडिंग बुक. सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, त्यात हजर कोण, ठराव काय, सूचक अनुमोदक कोण, विरोधात कोण. रेकॉर्ड रूमला कुलूप असतं आणि "साहेब नाहीत" हे उत्तर मिळू शकतं, म्हणून आधी मुख्याधिकाऱ्यांना साधं पत्र द्या, इतिहासासाठी बघायचंय असं स्पष्ट लिहा, अनेक ठिकाणी तेवढ्यावर काम होतं. नाही झालं तर माहिती अधिकार. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दात, उत्तराची मुदत ३० दिवस, झेरॉक्स पानाला २ रुपये. "सगळा इतिहास द्या" असं मागू नका, "अमुक साल ते अमुक साल अध्यक्ष निवडीच्या सभेचं इतिवृत्त पाहणीसाठी मिळावं" असं मागा. उपलब्ध नाही म्हणाले तर पुढच्या अर्जात नष्ट केलेल्या अभिलेखांची नोंद मागा, कारण सभेची इतिवृत्तं सहसा कायम जपायच्या कागदात येतात, ती सहजासहजी नष्ट करता येत नाहीत.

ठराव कसे वाचायचे याला महाडइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात तिथले सदस्य सी. के. बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करा असा. महाड पालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपल्या ताब्यातलं चवदार तळं खुलं करायचा ठराव केला. नुसतं एवढंच प्रोसिडिंग वाचलं तर वाटेल प्रश्न सुटला. प्रत्यक्षात तळ्यावर काहीच बदललं नाही, २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला, सुरबानाना टिपणीस हे त्या काळातले पालिकेचे अध्यक्ष सोबत होते, आणि तरी त्याच पालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला आपला आधीचा ठराव रद्द केला. मग डिसेंबरमध्ये दुसरी परिषद, मग कोर्ट, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. म्हणजे अध्यक्ष एका बाजूला आणि बहुमत दुसऱ्या बाजूला असू शकतं, मंजूर ठराव कागदावर राहू शकतो, आणि रद्द झालेला ठराव तीन वर्षं पुढच्या पानांत असतो. आपल्या गावात पण कुठलाही मोठा ठराव दिसला की पुढची काही वर्षं चाळाच, नळयोजना असो की शाळा, खर्च पडला का, टेंडर निघालं का ते अर्थसंकल्पात बघा. जकात, म्हणजे गावात येणाऱ्या मालावरचा कर, हे कितीतरी वर्षं पालिकांचं मुख्य उत्पन्न होतं, नगरपरिषदांची जकात १९९९ ला बंद झाली, त्याच्या आधीचे आणि नंतरचे अर्थसंकल्प शेजारी ठेवले की पालिका सरकारी अनुदानावर किती अवलंबून झाली ते दिसतं.

अलीकडचा काळ सोपा वाटतो पण गोंधळ इथेच जास्त आहे. नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायची पद्धत १९७४ ला आली, मग गेली, २००१ ला परत आली, २००६ ला पुन्हा नगरसेवकांतून, २०१६ ला पुन्हा थेट, २०२० ला ती रद्द केली, २०२२ ला परत आणली. त्यामुळे एकाच माणसाच्या दोन टर्म दोन वेगळ्या पद्धतीच्या असू शकतात, दोन्ही वेगळ्या ओळीत लिहा. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली, त्यानंतर अध्यक्षपदाचं आरक्षण आणि सोडत आली, महिला नगराध्यक्ष यादीत जास्त दिसायला लागल्या. आरक्षण कुठलं होतं ते राजपत्रातून किंवा सोडतीच्या कागदातून घ्या, आडनावावरून अंदाज करू नका, हे मी फार कळकळीने सांगतोय कारण एकदा चुकीचं छापलं की ते घराण्याला चिकटतं.

आणि प्रशासक, म्हणजे निवडून आलेली सभा नसताना कारभार बघायला सरकारने नेमलेला अधिकारी. बरेच जण ही वर्षं सोडूनच देतात, दोन नावांच्या मध्ये मोकळी जागा. तिथे प्रशासकाचं पदनाम, कधीपासून कधीपर्यंत आणि का, हे लिहायलाच पाहिजे. २०१६ च्या शेवटी निवडून आलेल्यांची मुदत संपल्यावर ओबीसी आरक्षणाच्या कोर्टकेसमुळे निवडणुका अडकल्या आणि बहुतेक पालिकांत डिसेंबर २०२५ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच होता, ही काही वर्षं गावात निर्णय सभेत झालेच नाहीत, यादीत हे दिसलं पाहिजे.

जुने नगरसेवक, पालिकेतले रिटायर्ड हेडक्लार्क, सफाई कामगारांचे मुकादम यांच्याकडे कागद थोडे जमल्यावर जा, आधी नको, म्हणजे नेमकं विचारता येतं. त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. सांगितलेलं आणि कागदातलं जुळलं नाही तर दोन्ही लिहा, कोणी काय सांगितलं ते नमूद करून. काम झालं की एक छापील प्रत नगरवाचनालयात, एक पालिकेत द्या, आणि दुरुस्त्या कळवण्यासाठी पहिल्याच पानावर जागा ठेवा, दुरुस्ती आली की तारीख घालून नवी आवृत्ती काढा.