व्हीसेंटरचा डेटाबेस फुगतोय? डिस्क वाढवण्याआधी या चुका टाळा

अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदूरमध्ये कुठूनही कुठेही वेळेवर पोहोचता येत नाही. कापडगिरण्या कधीच्या बंद पडल्या, पण त्यांच्या झांक्या अजून निघतात आणि राजवाड्याच्या आसपासचे रस्ते पहाटेपर्यंत माणसांनी भरलेले असतात. त्या गर्दीत उभा असताना इंदूरजवळच्या पीथमपूरच्या प्लँटमधल्या पोराचा फोन आला. "दादा, व्हीसेंटर उघडतच नाहीये. सगळे होस्ट रीस्टार्ट मारू का?"

त्याला आधी थांबवलं. व्हीसेंटर म्हणजे व्हीएमवेअरचे सगळे सर्व्हर एका जागेवरून सांभाळणारं सॉफ्टवेअर. तो मुनीम आहे, दुकान चालवतात ते ईएसएक्सआय होस्ट, म्हणजे ज्यांच्यावर व्हीएम (आभासी मशीन) चालतात ते सर्व्हर. मुनीम आडवा झाला तरी व्हीएम चालू राहतात, आणि एचए, म्हणजे बंद पडलेल्या होस्टचे व्हीएम दुसऱ्या होस्टवर सुरू करणारी सोय, तीसुद्धा होस्टवरच्या एजंटांच्या जोरावर आपलं काम करत राहतं. अडतं ते व्हीमोशन (चालू व्हीएम दुसऱ्या होस्टवर हलवणं), डीआरएस (होस्टवरचा भार आपोआप वाटणं) आणि व्हीसेंटरमार्फत घेतले जाणारे बॅकअप. म्हणजे रात्रीत निस्तरण्यासारखी गोष्ट होती. होस्टना हात लावला असता तर मात्र सकाळची पाळी खरंच बंद पडली असती.

दुसरं त्यानं सांगितलं ते असं, की सर्व्हिस तीनदा सुरू केली आणि तीनदा आपोआप बंद झाली. ती होणारच. डेटाबेसची जागा 95 टक्के भरली की व्हीपीएक्सडी ही व्हीसेंटरची मुख्य सर्व्हिस स्वतःहून थांबते, म्हणजे डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत अडकत नाही. 80 टक्क्यांवर इशारा येतो. तो आमच्याकडे आलाही होता आणि मी तो पाहिलाही होता. दोन महिन्यांपूर्वी डिस्कच्या याच भागाला, म्हणजे पार्टिशनला, 25 जीबी वाढवून देणारा मीच. तेव्हा पोट का सुटलंय ते न विचारता शर्टाचं माप वाढवलं, एवढंच केलं.

भरलंय काय, ते आधी बघा

'डिस्क फुल' एवढ्यावर धावू नका. व्हीसेंटर ज्या तयार व्हीएमच्या रूपात मिळतं त्या अप्लायन्सला डझनभर पार्टिशनं असतात आणि प्रत्येकाचं दुखणं वेगळं. स्टोरेज-लॉग भरलं असेल तर प्रश्न लॉग फाइलींचा आहे. स्टोरेज-सीट भरलं असेल तर आकडेवारी, इव्हेंट, अलार्म आणि टास्क यांचा. 'सीट' हे नाव याच चार शब्दांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं. स्टोरेज-आर्काइव्ह भरलेलं दिसलं तर घाबरू नका, ते भरलेलंच राहतं, त्याची रचनाच तशी आहे. त्यापायी रात्र जागवलेले लोक मला माहीत आहेत.

आमचं सीट भरलं होतं. पुढची पायरी म्हणजे कुठल्या टेबलानं जागा खाल्ली ते पाहणं. अप्लायन्समध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे, त्याच्या पीएसक्यूएल या कमांड-लाइन साधनातून व्हीसीडीबीला, म्हणजे व्हीसेंटरच्या डेटाबेसला, जोडून टेबलं आकारमानानुसार उतरत्या क्रमानं लावता येतात. इथे एक फसगत होते. नव्या आवृत्त्यांत इव्हेंटचं टेबल एकसंध नसतं, क्रमांक लावलेल्या अनेक तुकड्यांत विभागलेलं असतं. मूळ टेबल जवळजवळ रिकामं दिसतं, एकेक तुकडा किरकोळ वाटतो आणि माणूस दुसरीकडेच शोधत बसतो. तुकड्यांची बेरीज करा.

यादीत वर 'हिस्ट स्टॅट' नावाची टेबलं आली तर रोख आकडेवारीच्या लेव्हलकडे, म्हणजे आकडे किती बारकाईनं साठवायचे त्या सेटिंगकडे. 'इव्हेंट' आणि 'इव्हेंट आर्ग' आली तर कोणीतरी बडबड करतंय.

बडबड्या कोण?

इव्हेंट प्रकारानुसार मोजले आणि यादीत वर लॉगिन-लॉगआउट आले. एका मॉनिटरिंग टूलचं खातं दर 10 सेकंदांनी आत यायचं, दोन आकडे वाचायचं आणि बाहेर जायचं. हिशोब करून पाहा: दिवसाला 8,640 फेऱ्या, प्रत्येकीचे दोन इव्हेंट, म्हणजे 17,280. डीफॉल्टप्रमाणे 30 दिवस इव्हेंट ठेवले तरी पाच लाखांवर जातात. आमच्याकडे ऑडिटरच्या शब्दाखातर ती मुदत कोणीतरी 365 केली होती, म्हणजे वर्षाला 63 लाखांवर इव्हेंट, शिवाय प्रत्येकाचे तपशील 'आर्ग'मध्ये वेगळे. आपली खरी कामं, व्हीएम बनवणं, हलवणं, काढणं, यांचे इव्हेंट त्या ढिगात शोधायलासुद्धा वेळ लागत होता.

हेच चुकीच्या पासवर्डनं दार ठोठावत राहणाऱ्या जुन्या स्क्रिप्टमुळे होतं, किंवा सतत तुटून जुळणाऱ्या स्टोरेज-पाथमुळे, म्हणजे होस्ट आणि स्टोरेजमधल्या जोडणीमुळे होतं. पाथची केबल सैल असताना डेटाबेस साफ करत बसणं म्हणजे नळ उघडा ठेवून फरशी पुसणं.

ऑडिटरला वर्षभराचे इव्हेंट हवे असतील तर ते सिसलॉग सर्व्हरकडे, म्हणजे नोंदी साठवणाऱ्या वेगळ्या सर्व्हरकडे पाठवा, व्हीसेंटर ते पाठवू शकतं. वर्षभराची रद्दी मुनीमाच्या टेबलावर कशाला?

लेव्हल चार, आणि ती परत खाली आणायला विसरणं

हा आमचा दोष नव्हता, पण सगळ्यात जास्त दिसणारा म्हणून सांगतो. व्हीसेंटर आकडेवारी चार टप्प्यांत ठेवतं: 5 मिनिटांचे नमुने एक दिवस, 30 मिनिटांचे आठवडाभर, 2 तासांचे महिनाभर आणि रोजचा एक वर्षभर. एका काउंटरचे (मोजल्या जाणाऱ्या एका गोष्टीचे) पहिल्या टप्प्यात 288 नमुने, चारही मिळून साधारण साडेतेराशे. लेव्हल 1 मध्ये काउंटर मोजके असतात. लेव्हल 3 पासून प्रत्येक डिस्क, प्रत्येक नेटवर्क कार्ड वेगळं मोजलं जातं, आणि 4 मध्ये सगळंच. सपोर्टवाले एखादी तक्रार तपासताना ती चढवायला सांगतात, तक्रार मिटते, लेव्हल तिथेच राहते. तात्पुरतं बारकाईनं पाहायचं असेल तर 20 सेकंदांचे ताजे नमुने तासभर होस्टवरच मिळतात, त्यासाठी डेटाबेसला वेठीला धरायची गरज नाही.

साफसफाईतल्या चुका

डिलीट मारून जागा मोकळी होईल ही समजूत सोडा. पोस्टग्रेसमध्ये डिलीट केलेल्या ओळी मेलेल्या अवस्थेत तिथेच पडून राहतात. पोस्टग्रेसचा सफाईचा आदेश, व्हॅक्युम, ती जागा पुन्हा वापरण्याजोगी करतो, पण डिस्ककडे सहसा परत देत नाही. परत देतो तो व्हॅक्युम फुल. त्याला मात्र टेबल पूर्ण कुलूपबंद करावं लागतं आणि नवी प्रत लिहायला टेबलाएवढी मोकळी जागा लागते. नेमकी तीच तर संपलेली असते. टेबल एका झटक्यात रिकामं करणारा ट्रंकेट जागा तत्काळ देतो, पण तो व्हीपीएक्सडी थांबवून, आपल्या आवृत्तीसाठी उत्पादकानं दिलेल्या पद्धतीनंच करायचा. आकडेवारी आणि इव्हेंट सोडून दुसऱ्या कुठल्या टेबलाला हात लावू नका.

याहून भयंकर म्हणजे पोस्टग्रेसच्या फोल्डरात शिरून 'लॉग' दिसणाऱ्या फाइली उडवणं. त्या नेहमीच्या लॉग फाइली नसतात, व्यवहारांची नोंदवही असते. ती गेली की डेटाबेस उभा राहील याची खात्री नाही. नावामुळे लोक इतके फसायचे, की 2017 साली पोस्टग्रेसच्या दहाव्या आवृत्तीत या पीजी_एक्सलॉग फोल्डरचं नाव बदलून पीजी_वॉल केलं गेलं.

आणि स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमची त्या क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. सावधगिरी म्हणून पोरानं आधी व्हीसेंटरच्या व्हीएमचा स्नॅपशॉट घेतला, नंतर डिस्क वाढवायला गेला तर पर्याय राखाडी. स्नॅपशॉट असेपर्यंत डिस्क वाढत नाही. क्रम असा ठेवा: फाइल-बॅकअप तपासा, डिस्क वाढवायची तर वाढवून घ्या, मग स्नॅपशॉट, मग साफसफाई, आणि सगळं सुरळीत दिसलं की तो स्नॅपशॉट काढा.

अजून कोणाकडे विंडोजवरचं जुनं व्हीसेंटर मायक्रोसॉफ्टच्या फुकट एसक्यूएल एक्स्प्रेस डेटाबेसवर असेल तर तिथे डिस्क कितीही मोठी असली तरी 2008 आर2 मध्ये मर्यादा 10 जीबीची. तिथे वेळ घालवण्यापेक्षा अप्लायन्सवर या, 7.0 पासून विंडोजची आवृत्ती येतच नाही.

त्या रात्री आम्ही पुन्हा थोडी जागा वाढवून सर्व्हिस उभी केली. खरं काम दोन दिवसांनी झालं: टूलवाल्यांनी एकदाच लॉगिन करून तेच सेशन वापरायला सुरुवात केली, फेरी 5 मिनिटांवर आली, मुदत परत 30 दिवसांवर. आता पोरगा दर सोमवारी सीटचा टक्का वहीत लिहितो. परवा विचारत होता, "दादा, आपण दोनदा वाढवलेली डिस्क आता परत लहान करता येईल का?"

नाही रे. ती आता तशीच राहणार.