उरलेला माल गरजूंना देताना सुपरमार्केटनी या चुका टाळा

दुकान बंद व्हायच्या वेळी मागच्या दाराशी क्रेट ठेवलेले असतात. वर पाव, मध्ये दुधाच्या पिशव्या, तळाला चेपलेले टोमॅटो. पिशवीला हात लावला तर कोमट लागते, कारण ती दुपारपासून बाहेरच आहे. देणाऱ्याचं मन चांगलं असतं, पण ते दूध गरजूंना अन्न वाटणाऱ्या संस्थेला ओतूनच टाकावं लागतं. नासाडी थांबली नाही, नुसती दुसऱ्याच्या दारात गेली.

सगळ्यात मोठी चूक वेळेची. काय द्यायचं हे शटर ओढताना ठरतं. ते सकाळीच ठरायला हवं. शेल्फ लावणारा माणूस तारखा बघतोच, तेव्हाच मुदत जवळ आलेला माल वेगळा काढा. आधी भाव उतरवून विकायला ठेवा. मुदतीला एखादा दिवस उरला असतानाच, न खपलेला माल फ्रीजमधल्या वेगळ्या कप्प्यात हलवा आणि संस्थेला फोन करा. हे काम एका माणसाच्या नावावर हवं. 'कोणीतरी बघेल' म्हटलं की कोणीच बघत नाही.

फ्रीजचं मी मुद्दाम म्हणतो. ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात. दूध, मांस, शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहिलं असेल तर ते देऊ नका. उपाशी माणसाचं पोट काही वेगळं नसतं.

तारखांचा घोळ दोन्ही बाजूंनी होतो. 'बेस्ट बिफोर' ही चवीची, दर्जाची तारीख. ती उलटल्यावरही बंद पाकिटातली बिस्किटं किंवा पास्ता बहुधा खाण्याजोगा असतो, आणि तो सरसकट फेकला जातो. मात्र असा माल देता येतो का, हे देशागणिक बदलतं. तेवढं आधी तपासा. 'यूज बाय' ही सुरक्षिततेची तारीख. ती उलटली की विषय संपला.

गोदामात 'आधी आलं ते आधी' या नियमाने माल काढतात. पण नव्या गाडीतल्या मालाची मुदत कधी कधी जुन्याच्या आधी संपते, म्हणून मुदतीप्रमाणे काढा. सफरचंदं, केळी पालेभाजीशेजारी ठेवू नका. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं लवकर पिवळी पडतात.

संस्थेला न विचारता माल पाठवणं हीही चूकच. त्यांच्याकडे फ्रीज केवढा, गाडी कधी येते, जेवणारे किती, हे लेखी ठरवून घ्या. फ्रान्सने २०१६ मध्ये ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या सुपरमार्केटना संस्थांशी असे करार करायला लावले आणि खाण्याजोगं अन्न मुद्दाम खराब करायला बंदी घातली. त्याआधी टाकून दिलेल्या अन्नावर ब्लीच ओतण्याचे प्रकार तिथे घडत होते. तो कायदा आठवला की मला अजूनही बरं वाटतं.

आणि घेणाऱ्यांचे फोटो काढू नका. अन्नासाठी कोणाला कॅमेऱ्यासमोर उभं राहायला लागू नये.

राहिली वहीची गोष्ट. रोज काय दिलं, किती किलो, हे लिहून ठेवा. एकच पाव रोज क्रेटमध्ये दिसत असेल तर चूक ऑर्डरमध्ये आहे. पुढची ऑर्डर देताना ती वही समोर उघडी असू द्या.