लोकांच्या हाती ऑनलाइन रोबो देताना या चुका टाळा

ब्राउझर उघडून बटणं दाबायची आणि पडद्यावरचा रोबो चालवायचा, हे आता कुणालाही जमतं. तरी असं सिम्युलेशन सगळ्यांसाठी खुलं केलं की बनवणाऱ्यांची तक्रार ठरलेली: "लोक नीट चालवत नाहीत, रोबो सारखा भिंतीवर आपटतो." माझ्या मते यात लोकांचा दोष फार थोडा असतो. त्यांना दिसतो तो रोबो अर्ध्या सेकंदापूर्वीचा असतो आणि सर्व्हरवरचा केव्हाच पुढे गेलेला असतो. खालच्या बहुतेक चुका याच तफावतीतून येतात.

शिळ्या कमांड पाळणं

सगळ्यात जास्त त्रास हीच चूक देते. कुणीतरी 'पुढे' दाबून धरतो. ब्राउझर सेकंदाला वीस-तीस वेळा तीच कमांड पाठवतो आणि सर्व्हर त्या इमानदारीत रांगेत लावतो. नेट क्षणभर अडखळलं की रांग वाढते. मग बटण सोडलं तरी रोबो मागची थकबाकी फेडत पुढे जातच राहतो. वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधला कायम उघडा दुवा) टीसीपी या इंटरनेटच्या नियमावलीवर चालतं आणि टीसीपी क्रम मोडत नाही. एक पॅकेट (डेटाचा तुकडा) हरवलं तर ते पुन्हा येईपर्यंत मागची सगळी अडतात आणि नंतर एकदम येऊन आदळतात.

रांग ठेवूच नका, फक्त शेवटची कमांड ठेवा. शिवाय प्रत्येक कमांडला मुदत द्या. आरओएस या रोबो चालवायच्या सॉफ्टवेअरमधल्या डिफरेन्शियल ड्राइव्ह कंट्रोलरमध्ये (दोन बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवून वळणाऱ्या रोबोसाठीचा भाग) ही मुदत मुळातच ०.५ सेकंद असते: तेवढ्यात नवी कमांड आली नाही तर चाकं थांबतात. 'थांब' असा वेगळा मेसेज येईल या भरवशावर राहू नका. टॅब बंद झाला, मोबाइलची रेंज गेली, तर तो कधीच येत नाही.

आपल्याच मशीनवर तपासलं तर यातलं काही दिसत नाही, कारण तिथे लॅगच नसतो. लिनक्सवर टीसी कमांडमधलं नेटेम (खराब नेटची नक्कल करणारं साधन) वापरून ३०० मिलिसेकंदांचा उशीर मुद्दाम घाला, थोडी पॅकेट गळू द्या आणि मग रोबो दारातून नेऊन बघा. खरी परिस्थिती तेव्हा कळते.

व्हिडिओ पाठवणं

नेहमीच्या एचएलएस स्ट्रीमिंगमध्ये (व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी पाठवायची पद्धत) चित्र काही सेकंद मागे असतं. त्यावर बघून स्टीअरिंग करणं कुणालाच शक्य नाही. व्हिडिओ लागणारच असेल तर व्हिडिओ कॉलसाठी वापरतात ते कमी उशिराचं वेबआरटीसी घ्या. पण सिम्युलेशन आहे, तर व्हिडिओ हवाच कशाला? रोबोची जागा आणि सांध्यांचे कोन एवढेच आकडे पाठवा, चित्र ब्राउझरच काढेल.

उशीर टाळता येतच नसेल, तर कमांडचा प्रकार बदला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या टेलिगार्डनमध्ये जगभरातले लोक वेबवरून खऱ्या रोबोकडून बिया पेरून घेत, झाडांना पाणी घालून घेत. तिथे रोबोच्या हाताला डावी-उजवीकडे ढकलत बसायचं नव्हतं. चित्रावर क्लिक करून जागा दाखवायची, तिथवर पोचणं रोबोचं काम. अशा कमांडला दोन सेकंद उशीर झाला तरी काही बिघडत नाही.

सगळ्यांच्या कमांडची सरासरी

एकच रोबो अनेक जण मिळून चालवताहेत आणि समोर खांब आहे. निम्मे लोक डावीकडे म्हणतात, निम्मे उजवीकडे. सरासरी येते सरळ, म्हणजे थेट खांबावर. दोन्ही गट बरोबर होते, चूक गणिताची झाली. ठरावीक वेळाने मतं मोजून बहुमताची एकच कमांड चालवा, नाहीतर एकेकाला पाळी द्या. आत्ता कोणती कमांड चालू आहे हे मात्र पडद्यावर दिसलंच पाहिजे. ते दिसलं नाही तर 'माझं बटण चालत नाही' म्हणून लोक निघून जातात.

फिजिक्स फ्रेमला बांधणं

ब्राउझरमध्येच फिजिक्स (रोबोच्या हालचालीचं गणित) चालवत असाल, तर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, गणिताची एक पायरी असं ठेवू नका. ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर बरोबर चालणारा रोबो १४४ हर्ट्झवर दुपटीहून जास्त वेगाने पळतो. फ्रेममधल्या वेळेइतकी पायरी घेणं हाही उपाय नाही. टॅब मागे गेला की फ्रेम थांबतात आणि परत आल्यावर एकच प्रचंड पायरी पडून रोबो जमिनीतून आरपार जातो. पायरीचा काळ कायम ठेवा (म्युजोको या सिम्युलेटरमध्ये तो मुळात २ मिलिसेकंद असतो) आणि एका फ्रेममध्ये किती पायऱ्या घ्यायच्या यावर मर्यादा घाला.

पोर्ट उघडं सोडणं

२०१७ आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी इंटरनेट स्कॅन केलं, तेव्हा शंभराहून जास्त आरओएस मास्टर (आरओएसचा मध्यवर्ती प्रोग्रॅम) कुणालाही पोचता येतील असे सापडले. आरओएसला ब्राउझरशी जोडणारा रोसब्रिज थेट लोकांसमोर ठेवू नका. मधे स्वतःचा छोटा सर्व्हर ठेवा, मोजक्याच कमांड आत सोडा आणि वेगाची कमाल मर्यादा तिथेच तपासा. ब्राउझरमधली तपासणी कुणीही काढून टाकू शकतं.

रीसेट विसरणं

रोबो उलटा पडला, कोपऱ्यात अडकला, किंवा एखादा आकडा 'नॅन' (गणित बिघडून संख्याच न उरलेला) झाला, की पुढचा प्रत्येक जण येऊन बटणं दाबतो आणि काहीच हलत नाही. सर्व्हरनेच हे ओळखून काही सेकंदांत रोबो सुरुवातीच्या जागी आणावा आणि 'रोबो उलटला होता, पुन्हा उभा केला आहे' असं पडद्यावर लिहावं. पाळी संपत आलेल्या माणसाला तेवढी सेकंदं वाढवून द्या.