मोठ्या माणसांचा इंग्लिशचा वर्ग: वाचन आणि शब्द कसे घ्यायचे

मी संध्याकाळी मोठ्या माणसांना इंग्लिश शिकवते, आठवड्यातून ३ दिवस, दीड-दीड तास. स्वयंपाकाची कामं करणाऱ्या ताई, रिक्षा चालवणारे काका, सोसायट्यांमध्ये सिक्युरिटीला असलेले दोघं-तिघं, आणि मुलं मोठी झाल्यावर आता स्वतःसाठी वेळ मिळालाय म्हणून आलेल्या मावशी, असा वर्ग असतो. सगळ्यांना मराठी चांगलं वाचता येतं, एबीसीडी पण येते, पण इंग्लिशचा कागद पुढे केला की हात मागे जातो, "मॅडम तुम्हीच वाचा ना." बऱ्याच जणांनी विचारलं की अशा वर्गात नक्की करता काय, म्हणून सविस्तर लिहितेय. कुणी गल्लीत, मंडळात, ऑफिसच्या स्टाफसाठी असा वर्ग सुरू करणार असेल तर उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी पुस्तक काढू नका. फळ्यावर काही न लिहिता एवढंच विचारा की आज सकाळी उठल्यापासून तुम्ही कोणकोणते इंग्लिश शब्द बोललात. सुरुवातीला सगळे गप्प बसतात, मग कुणीतरी म्हणतं गॅस, मग सिलेंडर, कुकर, मोबाईल, रिचार्ज, स्टॉप, सुट्टे नाहीत म्हणून स्कॅनर, डॉक्टर, शुगर, रिपोर्ट, इंजेक्शन, ॲडव्हान्स, पगार कट... एकदा सुरू झालं की थांबत नाही, २० मिनिटांत फळा भरतो. आमच्याकडे शंभराच्या वर शब्द सहज निघतात. मग सांगायचं की हे सगळे तुमचेच शब्द आहेत, अर्थ माहितीये, वापर माहितीये, फक्त ते कानाला ओळखीचे आहेत आणि डोळ्याला नाहीत. पहिला महिनाभर माझं सगळं काम ह्याच शब्दांवर चालतं, नवीन शब्द जवळजवळ देतच नाही. कोऱ्या शब्दाचा अर्थ, उच्चार आणि स्पेलिंग असं तिन्ही एकदम उचलावं लागतं, इथे फक्त स्पेलिंग उचलायचंय.

आता ह्या शब्दांचे गट करायचे. नाईट, लाईट, राईट, टाईट, फाईट हे पाचही मराठीत रोज बोलले जातात. आधी त्यांना ऐकू येतं तसं लिहू द्या, मग तुम्ही बरोबर लिहा आणि शेवटची चार अक्षरं, आय-जी-एच-टी, रंगीत खडूने अधोरेखित करा. "मधलं जी-एच कशाला?" हा प्रश्न येणारच. तो टाळू नका. मराठीत जे लिहितो तेच वाचतो अशी आपल्याला सवय, त्यामुळे इंग्लिश मुद्दाम फसवतं असं लोकांना वाटत असतं. सांगा की फार पूर्वी त्या जी-एचचा घशातून आवाज काढायचे, नंतर बोलणं बदललं पण लिहिणं तसंच राहिलं. एवढ्यावर लोकांचं समाधान होतं. मोठ्या माणसाला कारण कळलं की ते पाठ करायला त्याची हरकत नसते. फक्त त्याच दिवशी बांधकामाची साईट आणि व्हाईट शर्ट मध्ये आणू नका, त्यांचं स्पेलिंग वेगळं आहे, ते पुढच्या आठवड्यात.

तसाच दुसरा गट "शन"चा. स्टेशन, ऑपरेशन, इंजेक्शन, कनेक्शन यांच्या शेवटी टी-आय-ओ-एन. टेन्शन आणि पेन्शनच्या शेवटी एस-आय-ओ-एन. परमिशनला दोन एस. आणि फॅशन तर तिसऱ्याच घरची, तिच्यात एस-एच. मी ह्याच्या चिठ्ठ्या करते आणि ४-४ जणांच्या टेबलावर टाकते, जुळवा म्हणून. टीव्ही, औषधाची खोकी, दुकानाच्या पाट्या आठवून आठवून लोक भांडतात की मेडिकलवर असं लिहिलेलं असतं का तसं. हे भांडण होऊ द्या, मध्ये पडू नका, तेवढ्या वेळात प्रत्येकाने तो शब्द दहा वेळा पाहिलेला असतो.

एक तास मात्र अर्थ सरकलेल्या शब्दांसाठी राखून ठेवा. आपल्याकडे स्टीलचा पण ग्लास असतो, इंग्लिशमध्ये ग्लास म्हणजे आधी काच. आपण चहा-मिसळ खायला हॉटेलात जातो, त्यांच्या हॉटेलात राहायची खोली मिळते. "लाईट गेली" मधली लाईट म्हणजे वीज. आणि "आमचे मिस्टर", "माझ्या मिसेस" हे आपल्या कानाला इतकं आदराचं वाटतं की इंग्लिशमध्ये सरळ हजबंड आणि वाईफ म्हणायचं हे बऱ्याच जणांना पटायला वेळ लागतो. ह्याला चूक म्हणू नका. मराठीत ते शब्द बरोबरच आहेत, इंग्लिशमध्ये त्यांचं काम वेगळं आहे एवढंच सांगा.

आता वाचन. इथे माझं मत ठाम आहे, मोठ्या माणसांना एकेक करून उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. आपल्या सगळ्यांची शाळा तशीच झाली, म्हणून हात आपोआप तिकडेच जातो. पण होतं काय, एकजण अडखळत वाचतो, बाकीचे आपलं वाक्य कुठलं येणार ते मोजत बसतात आणि वाचणाऱ्याला स्वतःला काय वाचलं ते कळलेलं नसतं कारण सगळा जीव उच्चारात. एक ताई तर त्यांची पाळी यायच्या आत पाणी प्यायला उठून जायच्या, ते मला कितीतरी दिवसांनी लक्षात आलं, तेव्हापासून बंद केलं. आता क्रम असा. आधी एकच प्रश्न देते, उदाहरणार्थ "ही गोळी कधीपर्यंत चालेल?" मग सगळे मनात वाचतात आणि उत्तरावर बोट ठेवतात. मग मी हळू वाचते आणि ते बोट फिरवत मागे येतात. शेवटी ज्यांना हवं ते जोडीने एकमेकांना वाचून दाखवतात, हळू आवाजात.

कागद खरे घ्या. औषधाची रिकामी स्ट्रिप सर्वात उत्तम, कारण सगळ्यांच्या घरात असते आणि त्याच त्याच ओळी पुन्हा पुन्हा येतात: बॅच नंबर, बनवल्याची तारीख, एक्स्पायरी, एमआरपी, "कीप आऊट ऑफ रीच ऑफ चिल्ड्रन", "प्रोटेक्ट फ्रॉम लाईट अँड मॉइश्चर". प्रत्येकाने घरून एक आणायची, अदलाबदल करायची आणि ५ मिनिटांत शोधायचं की कुठली जपून कुठे ठेवायचीये आणि कुठलीची तारीख उलटून गेलीये. रेल्वेच्या तिकिटाचा मेसेज, सोसायटीची पाणी बंदची नोटीस, कुरिअरची स्लिप, हे सगळं चालतं.

बँकेचे मेसेज वेगळ्या तासाला घ्या आणि सावकाश घ्या. माझी इथे चूक झाली होती ती सांगते. मी डेबिटेड आणि क्रेडिटेड एकाच दिवशी शिकवलं, विरुद्ध अर्थ आहेत तर सोबत लक्षात राहतील असं वाटलं, आणि नेमकं उलटं झालं, महिनाभर लोक दोन्हीची अदलाबदल करत होते. जोडीचे शब्द नवीन असताना एकत्र दिले की एकमेकांत गुंततात, ह्यावर अभ्यास पण झालेत. लेफ्ट-राईट, बॉरो-लेंड, सगळ्यांचं तेच. म्हणून आता एका आठवड्यात फक्त डेबिटेड, म्हणजे पैसे गेले. ते पक्कं झालं की पुढच्या आठवड्यात क्रेडिटेड. मग दोन्ही मिसळून ८-१० मेसेज छापते आणि दोन ढीग करायला सांगते, पैसे आले आणि पैसे गेले. मेसेज मी स्वतः तयार करते, कुणाचा फोन फिरवत नाही, प्रत्येकाचा बॅलन्स त्याचा त्याला. शेवटी तिसरा ढीग येतो, "हे खरं वाटत नाही" असा. त्यात "युवर अकाउंट विल बी ब्लॉक्ड टुडे, क्लिक हिअर" असले मेसेज. घाई करणारे शब्द शोधायला लावा: टुडे, इमिजिएटली, ब्लॉक्ड, अर्जंट. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, फक्त द्यायला लागतो, हे वाक्य सगळ्यांना वहीत लिहायला लावा, मराठीत सुद्धा.

थोडी मोठी वाक्यं आली की नवीन अडचण येते. मराठीत क्रियापद शेवटी, त्यामुळे लोक वाक्य संपेपर्यंत थांबतात आणि मग उलटं मागे येत अर्थ लावतात. आपण "गेटजवळ" म्हणतो, जवळ मागून चिकटतं, इंग्लिशमध्ये निअर आधी आणि गेट नंतर. ह्यावर मला एकच उपाय लागू पडलाय, पेन्सिलने तिरक्या रेघा मारायच्या: "अ मॅन / इन अ व्हाईट शर्ट / इज स्टँडिंग / निअर द गेट". प्रत्येक तुकड्याचा अर्थ तिथल्या तिथे लावून पुढे जायचं, मागे फिरायचं नाही. सुरुवातीला रेघा मी मारून देते, १५ दिवसांनी ते स्वतः मारतात, आणि रेघ कुठे मारली ह्यावरून मला लगेच कळतं कुणाला काय समजलं नाही.

उतारा किती सोपा हवा? न्यूझीलंडचे पॉल नेशन ह्यांनी शब्दांवर खूप काम केलंय. त्यांच्या आणि एका सहकाऱ्याच्या २००० सालच्या अभ्यासातून साधारण असं निघतं की कुणाची मदत न घेता नीट समजायला उताऱ्यातले ९८ टक्के शब्द माहीत हवेत. म्हणजे १०० शब्दांत अनोळखी फक्त २. वर्गात मदतीला तुम्ही असता म्हणून ५ पर्यंत चालतं. मी बोटं मोजायला सांगते, १०० शब्दांत हाताची पाचही बोटं मिटून वर आणखी एक अनोळखी शब्द आला तर तो कागद आज बाजूला ठेवायचा. आणि विषय ओळखीचा घ्या. डेक्कन क्वीनवर मी ६ ओळींचा उतारा केलाय, १ जून १९३० ला सुरू झाली, मुंबई-पुणे धावते, डायनिंग कार आहे वगैरे. वाचायच्या आधी चार विधानं देते, खरं की खोटं ते अंदाजाने ठरवायला. मग स्वतःचा अंदाज बरोबर आला का बघायला लोक जे वाचतात ते मी सांगून वाचत नाहीत.

पण सगळ्यात चांगला उतारा वर्गातलाच माणूस देतो. कुणालाही त्यांची सकाळ सांगायला लावा, मराठी-इंग्लिश मिसळून चालेल, आणि तुम्ही सोप्या इंग्लिशमध्ये फळ्यावर लिहा. "आय गेट अप ॲट फाइव्ह. वॉटर कम्स ॲट हाफ पास्ट फाइव्ह. आय फिल टू ड्रम्स." सगळे उतरवून घेतात, आणि स्वतःचं आयुष्य छापल्यासारखं समोर दिसतं तेव्हा ज्यांचं ते आहे त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. दुसऱ्या दिवशी तोच उतारा दर सातवा शब्द गाळून द्यायचा. ही गाळलेल्या शब्दांची पद्धत विल्सन टेलर ह्या अमेरिकन अभ्यासकांनी १९५३ साली मांडली, ती अजून तितकीच कामाची आहे. तिसऱ्या दिवशी ओळी कापून पट्ट्या करायच्या आणि क्रम लावायचा. एका उताऱ्यावर तीन दिवस जातात, जाऊ द्या.

आता शब्द टिकवायचे कसे. जर्मनीत एबिंगहाऊस ह्या मानसशास्त्रज्ञांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सगळ्यात जास्त पहिल्या दिवसातच विसरतं. म्हणून मी एका दिवशी ७-८ शब्दांच्या वर जात नाही आणि पुढच्या तासाची पहिली १० मिनिटं जुन्या शब्दांची. घरासाठी मिठाईचा रिकामा पुठ्ठ्याचा डबा, त्यात पुठ्ठे उभे लावून ३ कप्पे. ही कल्पना लाइटनर नावाच्या जर्मन लेखकाची, १९७२ ची, त्यांचे कप्पे ५ होते, आम्हाला ३ पुरतात. कार्डाच्या एका बाजूला इंग्लिश शब्द आणि स्वतःचं एक छोटं वाक्य, मागे मराठी. पहिला कप्पा रोज, दुसरा दर तीन दिवसांनी, तिसरा रविवारी. आलं तर कार्ड पुढच्या कप्प्यात, नाही आलं तर परत पहिल्यात. वाक्य स्वतःचंच हवं, पुस्तकातलं नको. एका काकांनी "वेट" वर लिहिलं होतं "आय वेट निअर स्टेशन फॉर पॅसेंजर", "द" राहिला होता, पण तो शब्द ते आता विसरणार नाहीत.

गैरहजेरी राहणारच, कुणाची शिफ्ट बदलते, कुणाच्या घरी पाहुणे. त्यासाठी मी वर्गाचा एक सामायिक डबा ठेवलाय, त्या दिवशीची कार्डं त्यात पण एक-एक टाकायची. जो आला नव्हता त्याने पुढच्या वेळी १० मिनिटं आधी यायचं आणि शेजारी बसणाऱ्याने ती कार्डं त्याला शिकवायची. मी तेव्हा फळा पुसत असते, लागलं तरच बोलते.